रॅक घेण्याआधी ढकलून बघ

नाशिक,
७ जून

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

तुझा निरोप आणि त्या पाच कप्प्यांच्या रॅकचा फोटो, दोन्ही पोचलं. मखमलाबाद रोडच्या रो-हाऊसचा ताबा मिळाला, मनापासून अभिनंदन. तुम्ही पुणं सोडून येताय म्हटल्यावर माझ्यापेक्षा आईच जास्त खूश आहे. गणपती नव्या घरात बसवा म्हणतेय. बाकीच्या गप्पा भेटीत. आधी तुझ्या पार्किंगमध्ये सामानाला कुठली रॅक घ्यायची ते बघू.

फोटोतली रॅक घेऊ नकोस. तिच्यावर लिहिलंय, ‘प्रत्येक कप्प्याला १७५ किलो’. पाच कप्प्यांचे ८७५ किलो झाले, म्हणजे एका ऑल्टोपेक्षा जास्त. आकडा खोटाच असेल असं मी म्हणत नाही. पण वजन फळीभर सारखं पसरलंय, जमीन सपाट आहे आणि रॅकला कुणाचा धक्का लागत नाही, असं धरून तो काढलेला असतो. तुझ्याकडे रंगाची बादली एका कोपऱ्यात बसणार, पार्किंगला पाणी जाण्यासाठी ढाळ असणार आणि चिनू त्या रॅकला शिडी समजणार. शिवाय तिच्या फळ्या लाकडाच्या भुशाच्या दाबीव बोर्डाच्या आहेत. शटरखालून येणारी ओल आणि आपला चार महिन्यांचा पावसाळा, बोर्ड कडेने फुगायला वेळ लागत नाही.

मी इतकी वर्षं अंबडला स्टोअर सांभाळतोय. वजनाने मोडलेली रॅक क्वचितच बघितली. बघितल्या त्या आडव्या झालेल्या. चार पट्ट्या चार कोपऱ्यांत एकेका बोल्टने जोड आणि एका कोपऱ्याला रेट, चौकोन तिरका होतो. त्रिकोणाचं तसं होत नाही. म्हणून रॅकला पाठीमागून आणि दोन्ही बाजूंनी तिरक्या पट्ट्या लागतात, आणि फळी जिथे खांबाला मिळते तिथे छोट्या त्रिकोणी कॉर्नर प्लेट. दुकानदार भाव सांगतो तेव्हा हे दोन्ही बहुतेक वेळा त्यात धरलेलं नसतं. ‘क्रॉस पट्टी हवी असेल तर वेगळे पैसे’ असं ऐकू येईल. ते पैसे दे. हवं तर एक कप्पा कमी कर.

दुकानात जाशील तेव्हा मांडलेल्या रॅकच्या वरच्या कोपऱ्याला तळहात लाव आणि लांबीच्या दिशेने ढकलून सोड. एकदा हलून थांबली तर पुढची चौकशी कर. डुलत राहिली, किंवा जोडातून करकर ऐकू आली, तर नमस्कार करून बाहेर पड. रिकामी असताना डुलते ती भरल्यावर काय करेल!

तुला स्लॉटेड अँगलची रॅकच बरी पडेल. उभ्या अँगलला, म्हणजे काटकोनात दुमडलेल्या लोखंडी पट्टीला, वरपासून खालपर्यंत भोकं असतात, पत्र्याचा कप्पा हवा तिथे बोल्टने बसवायचा. पुढेमागे वहिनींना तिथे शिवणाचा क्लास काढायचा असेल तर तासाभरात रॅक सुटी करता येते. फॅब्रिकेटरकडून वेल्डिंग करून घेतलेली रॅक जास्त दणकट होते, हे मान्य. पण तिच्या कप्प्यांची उंची कायमची ठरून जाते आणि ती हलवायला चार माणसं लागतात. प्लॅस्टिकचा विचारच नको, कायमच्या वजनाखाली ते हळूहळू वाकतं. सासऱ्यांकडचं जुनं लाकूड सुताराला देऊन करून घ्यायचं तुझ्या मनात असेल, तर वाळवीचं काय करणार तेही ठरवून ठेव.

आता पत्रा. त्याची जाडी गेजमध्ये सांगतात. गेजचा आकडा वाढतो तसा पत्रा पातळ होतो, हे तुला माहीत असेलच. १८ गेज म्हणजे साधारण १.२ मिलिमीटर, २२ गेज म्हणजे पाऊण मिलिमीटरच्याही आत. वर पावडर कोटिंग चढलं की दोन्ही डोळ्यांना सारखेच दिसतात, आणि फसवाफसवी नेमकी इथे होते. यावर माझा सोपा उपाय आहे. प्रवासाची बॅग टांगून तोलायचा छोटा काटा खिशात टाकून जा आणि सुटा कप्पा त्याला अडकव. तीन फूट बाय दीड फुटाचा, कडा दुमडलेला कप्पा १८ गेजचा असेल तर पाच किलोच्या आसपास भरायला हवा. तीन किलोच्या आतबाहेर भरला तर तो २२ गेजचा, मग पावतीवर काहीही लिहिलेलं असो. कप्पा उलटा करूनही बघ. मधोमध पट्टी वेल्ड केलेली असेल तर पत्रा बसत नाही. कड एकदाच दुमडून धारदार सोडली असेल तर पहिल्याच दिवशी हात कापेल.

लांबी तीन फुटांच्या वर नेऊ नकोस. वजन तेवढंच ठेवून फळीची लांबी दुप्पट केली तर ती मध्ये आठपट वाकते. सहा फुटी एकसंध रॅक स्वस्त दिसते, तीन-तीन फुटांच्या दोन टिकतात. रॅकची पुढून मागे खोली दीड फूट घे आणि उंची सहा फूट. उंची खोलीच्या चौपटीवर गेली की मोकळी उभी केलेली रॅक माझ्या मते भरवशाची राहत नाही. एक फूट खोलीची सात फुटी रॅक पुस्तकांच्या दुकानात भिंतीला जखडलेली शोभते. तुला भिंतीला भोकं पाडायची नाहीत ना? मग दोन रॅक कोपऱ्यात काटकोनात ठेव आणि जिथे खांब खांबाला लागतो तिथे वर, मध्ये, खाली बोल्ट मार. दोघी एकमेकींना दोन्ही दिशांनी धरून ठेवतात. आमच्या स्टोअरमधल्या सुट्या रॅक मी अशाच उभ्या केल्यात.

पैशांचं म्हणशील तर भाव नगावर ऐकूच नकोस, किलोवर विचार. लोखंडाचा धंदा वजनावर चालतो. क्रॉस, कॉर्नर प्लेट, खांबाखालचे बूट आणि नटबोल्ट धरून किती, आणि त्यात १८ टक्के जीएसटी आला की वर लागणार, हे एकदाच विचारून घे. अंबड आणि सातपूर एमआयडीसीच्या आसपास रॅक बनवणारेच बसलेत. मधला दुकानदार टाळलास तर तेवढ्याच पैशांत एक गेज जाड पत्रा मिळावा, असा माझा अंदाज आहे.

जुनी रॅकही वाईट नसते, आणि खरं सांगू का, माझा कल तिकडेच आहे. बंद होणारी मेडिकल, किराणा दुकानं चांगल्या रॅक भंगाराच्या भावाला थोडं वर घेऊन काढून टाकतात. अंबड लिंक रोडचा भंगार बाजार महापालिकेने २०१७ मध्ये हटवला, पुन्हा दुकानं बसली, पुन्हा कारवाई झाली, हे तू पेपरात वाचलं असशील. पण जुना माल शहरात मिळतोच. घेताना खांबाच्या तळाची वीतभर जागा बघ, गंज तिथून चढतो. नखाने खरवडून पापुद्रे निघाले तर सोडून दे. बोल्टची भोकं ओढून लांबट झाली असतील तर ती रॅक आधीच कुठेतरी ताणली गेली आहे. आणि खांब जरासा जरी वाकलेला असेल तर फुकटही घेऊ नकोस. कप्प्याला पोचा असेल तर हरकत नाही, ठोकून सरळ होतो.

जोडायला माणूस बोलवू नकोस, आपण दोघं पुरे. १० आणि १३ नंबरचे पाने माझ्याकडे आहेत. पहिल्यांदा सगळे बोल्ट हाताने नुसते टेकवायचे. मग पाठीमागून दोन्ही कर्ण टेपने मोजायचे. ते सारखे आले की चौकट काटकोनात आली, त्यानंतर पाना. लोक एकेक बोल्ट आवळत वर जातात आणि शेवटचा कप्पा बसेना म्हणून हातोडी घेतात. ढाळाचं काम पाणसळ लावून करू. उतरत्या बाजूच्या बुटाखाली लोखंडी पट्टीचे तुकडे घालायचे. लाकडाची फाचर नको, ती ओलीने कुजते. सगळ्यात खालचा कप्पा जमिनीपासून सहा इंच वर, म्हणजे शटरखालून आलेलं पाणीही वाहून जाईल आणि झाडूही फिरेल.

सामानात जड ते खाली, एवढं तुला सांगायला नको. पण जड काय हे माणसाला वाटतं त्यापेक्षा वेगळं निघतं. उरलेल्या फरशीचा एक खोका सहज २५-३० किलो भरतो, वीस लिटर रंगाची भरलेली बादलीही तेवढीच. दिवाळीचे आकाशकंदील, मखर, रिकाम्या सुटकेस बिनधास्त वर टाक. थिनर आणि पेट्रोलचा कॅन मात्र पार्किंगमध्ये ठेवूच नकोस.

माझी सुट्टी शनिवारी असते. त्याआधी मला तीन मापं पाठव: शटरची गुंडाळी छतापासून किती खाली येते, गाडी आत घेतल्यावर दार उघडून बाजूला किती जागा उरते, आणि विजेचा मीटर कुठल्या भिंतीवर आहे. मीटरसमोर रॅक आली तर रीडिंग घेणारा तुझ्या नावाने खडे फोडेल. टेम्पोचं मी बघतो.

काका-काकूंना नमस्कार, वहिनींनाही. चिनूला गोड पापा.

तुझा,
अविनाश

ता. क. इन्व्हर्टरची बॅटरी रॅकवर ठेवायचा विचार असेल तर काढून टाक. ट्यूब्युलर बॅटरी ५०-६० किलोची असते, चार्ज होताना हायड्रोजन सोडते आणि अॅसिडच्या वाफेने कोटिंग खराब होतं. ती जमिनीवर ट्रॉलीतच बरी, खिडकीजवळ. आणि निफाडहून सासरे उन्हाळ कांदा पाठवणार असतील तर एक कप्पा पत्र्याऐवजी जाळीचा सांगू. कांद्याला खालून वारा लागतो. तेव्हा किती पोती येणार तेही कळव.