मॉडेल हेलिकॉप्टर बंद नको, त्याचा आवाज मोजा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

शहराबाहेरच्या माळावर रविवारी सकाळी उडणाऱ्या रेडिओ कंट्रोल हेलिकॉप्टरांच्या आवाजाबद्दल आपल्या वाचकांच्या पत्रांत तक्रार छापून आली आहे. 'हा प्रकार कायमचा बंद करा', अशी त्यात मागणी आहे. तक्रार अगदी रास्त आहे. सुट्टीच्या दिवशी सकाळी कानात तो किरकिराट घुसला तर कोणीही वैतागेल. मागणी मात्र पटत नाही. बुलेटचे फटाके फोडणारे सायलेन्सर पोलीस जप्त करतात, रोडरोलरखाली चिरडतात, पण म्हणून बुलेटवरच बंदी घाला असे कोणी म्हणत नाही. मी टू-स्ट्रोक इंजिनांच्या दुरुस्तीत आयुष्य घालवले आहे आणि हौस म्हणून ही हेलिकॉप्टरेही उडवतो. म्हणून दोन्ही बाजूंसाठी लिहीत आहे.

ही नायट्रो हेलिकॉप्टरे मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल यांच्या मिश्रणावर चालतात. मध्यम आकाराच्या हेलिकॉप्टरचे इंजिन जेमतेम ८ सीसीचे असते, पण मिनिटाला १६,००० फेरे घेते. टू-स्ट्रोक असल्याने दर फेऱ्याला एक स्फोट, म्हणजे सेकंदाला सुमारे २६७ ठोके. त्या ठोक्यांच्या वरच्या पट्टीतले सूर नेमके तिथे पडतात जिथे माणसाचा कान सर्वांत तिखट असतो. इंजिन मुठीएवढे असूनही त्रास मोठ्या मोटरसायकलएवढा होतो, त्याचे कारण हे.

आमच्यातल्या बहुतेकांची समजूत अशी, की भारीतला सायलेन्सर बसवला की काम झाले. मग सायलेन्सर बदलूनही आवाज फारसा उतरत नाही आणि 'नायट्रो म्हटले की आवाज असणारच' असे म्हणून सगळे हात झटकतात. इथेच चूक होते. डेसिबलची बेरीज सरळ होत नाही. समजा, धुराड्याचा आवाज ९० डेसिबल आहे आणि गिअर-पंख्याचा ८०. गिअर-पंखा पूर्ण गप्प केला तरी एकूण आवाज अर्ध्या डेसिबलनेही कमी होत नाही. पण धुराड्याचा आवाज ८० वर आणला, की दोन्ही बरोबरीत येतात आणि एकूण ८३ होतो. आता गिअर-पंख्याला हात लावल्याशिवाय पुढे सरकता येत नाही. म्हणून आधी सर्वांत मोठा आवाज शोधायचा, तो उतरवायचा, पुन्हा मोजायचे आणि मग दुसऱ्याकडे वळायचे.

सुरुवात धुराड्यापासूनच करावी. इंजिनच्या तोंडाला सायलेन्सर जिथे जोडलेला असतो, तो सांधा उड्डाणानंतर पांढऱ्या कागदाने पुसून बघा. कागदावर काळपट तेलाची रेघ उमटली तर सांधा फुंकतो आहे. दुरून ऐकू येणारा तो चरचरीत, फाटका आवाज पुष्कळदा तिथूनच येतो. नवे गॅस्केट, उष्णता सोसणारा सिलिकॉन सीलंट आणि इंजिन तापून निवल्यावर बोल्ट पुन्हा एकदा आवळणे, एवढ्यावर भागते. सायलेन्सर शक्यतो मोठ्या पोटाचा आणि आत दोन-तीन कप्पे असलेला घ्यावा. त्यात स्टीलवूल कोंबण्याचा उद्योग कोणी करू नये. या इंधनात तेल भरपूर असते, ते वूलमध्ये साचते, वाट तुंबते आणि इंजिन तापते. नळीचे तोंड मनाला येईल तेवढे बारीक करणेही धोक्याचे. टाकीला दाब सायलेन्सरमधूनच मिळतो, त्यामुळे सायलेन्सर बदलला की कार्ब्युरेटरची नीडल (इंधन कमी-जास्त करणारा स्क्रू) नव्याने जुळवावी लागते, आणि तीही मिश्रण आधी रिच, म्हणजे इंधन जास्त, ठेवून.

त्यानंतर यंत्राचा स्वतःचा खडखडाट. पिनियन (इंजिनकडचा छोटा गिअर) आणि मुख्य गिअर यांच्यात वहीच्या कागदाची पट्टी घालून अंतर ठरवण्याची पद्धत जुनी आहे, पण ती पाळणारे थोडे. पट्टी काढल्यावर गिअर हाताने पूर्ण एक फेरा फिरवून बघायचा. एखाद्या जागी जड लागला तर अंतर त्या जागी जुळवायचे, नाहीतर तेवढ्याच दात्यांवर तो रडत राहतो. थंडाव्याच्या पंख्याची डगमग डायल गेज (सूक्ष्म अंतर मोजणारे उपकरण) लावून ०.०५ मिलिमीटरच्या आत आणावी. पंखा डगमगला की सायरनसारखा सूर लागतो, शिवाय बेअरिंगही जाते. क्लचचे अस्तर झिजले असेल तर बदलावे. आणि कॅनॉपी! फायबरचे ते पातळ कवच ढोलकीच्या पानासारखे थरथरते. ते अडकवायच्या खुंट्यांवरचे रबरी ग्रोमेट कडक झाले की फ्रेमची सगळी थरथर त्यात उतरते. दोन-चार रुपयांच्या रबराचा हा प्रश्न आहे, तरी त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

सर्वांत दुर्लक्षित आवाज पात्यांचा. ६०० मिलिमीटरची पाती मिनिटाला १,९०० फेऱ्यांनी फिरतात, तेव्हा त्यांच्या टोकांचा वेग सेकंदाला सुमारे १३४ मीटर असतो. पात्यांचा आवाज या वेगाबरोबर फार झपाट्याने चढतो. तेच फेरे १,६०० वर आणले तर पात्यांचा आवाज ४-५ डेसिबलने तरी उतरावा. शेपटीचा छोटा रोटर मुख्य रोटरच्या साडेचारपट वेगाने फिरतो. त्याची दोन पाती सेकंदाला सुमारे २८५ वेळा हवा कापतात, आणि धुराड्याचे ठोके २६७. दोन्ही सूर इतके जवळ, की नुसत्या कानाने सांगता येत नाही कोण बोलतो आहे. त्यासाठी एक सोपी परीक्षा आहे. हेलिकॉप्टर पुरेशा उंचीवर नेऊन 'थ्रॉटल होल्ड' करायचे, म्हणजे इंजिनची ताकद एकदम काढून घ्यायची. इंजिन मंदावते, पाती फिरत राहतात आणि त्या काही सेकंदांत जे ऐकू येते ते फक्त पात्यांचे असते. ज्याचा हात ऑटोरोटेशनवर, म्हणजे इंजिनच्या ताकदीशिवाय खाली उतरवण्यावर, बसलेला आहे त्यानेच हे करावे. फेरे कमी करताना इंजिन दमू द्यायचे नसेल तर पिनियनचे दाते बदलून गिअरचे प्रमाण जुळवता येते. उलटेसुलटे थ्रीडी उड्डाण करणाऱ्या मुलांना कमी फेरे रुचणार नाहीत, हे मला माहीत आहे. त्यांनी ते उड्डाण दुपारच्या आधीच्या दोन-तीन तासांत उरकावे. सकाळी उजाडताच नाही आणि संध्याकाळी तर नाहीच.

आता मर्यादेचे. ब्रिटनमध्ये १९८२ सालच्या सरकारी संहितेने मॉडेल विमानांसाठी ७ मीटरवर ८२ डेसिबल ही मर्यादा घालून दिली. जर्मनीत अनेक मैदानांवर मॉडेलच्या आवाजाचा मोजणी दाखला जवळ बाळगावा लागतो. आपल्याकडे १७५ सीसीवरच्या नव्या मोटरसायकलला साडेसात मीटरवर ८० डेसिबलची मर्यादा आहे. म्हणजे ब्रिटनचा आकडा आपल्या रस्त्यावरच्या नियमाच्या जवळपासच आहे, परका नाही.

या आकड्याने काय साधते तेही सांगतो. उघड्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. ती ठरावीक वेळेची सरासरी असते, पण ढोबळ हिशेबाला चालेल. ७ मीटरवर ८२ डेसिबल असलेले हेलिकॉप्टर साधारण १६० मीटरवर ५५ च्या खाली येते. तेच ९२ असेल तर घरे ५०० मीटर लांब हवीत. वाऱ्याची दिशा आणि आजूबाजूच्या भिंती यांनी फरक पडतो, पण दहा डेसिबलच्या मेहनतीने वस्तीपासूनचे जवळजवळ साडेतीनशे मीटर वाचतात. शहराभोवती ५०० मीटर मोकळे माळ आता उरलेत कुठे?

'इलेक्ट्रिक का घेत नाही', असेही तक्रारीत विचारले आहे. पुष्कळांनी घेतले आहे, आणि नव्याने सुरुवात करणाऱ्याला मीही तेच सुचवतो. पण पाती आणि शेपूट त्यालाही असतेच, त्यामुळे वर लिहिलेले निम्मे तरी त्याला लागू आहे. शिवाय ग्लो प्लग (इंधन पेटवणारी तापलेली तार) तपासणे, नीडल अर्धी खूण फिरवून इंजिनचा सूर ऐकणे, धुराच्या रेषेवरून मिश्रण ओळखणे, हे शिकलेला मुलगा पुढे कुठल्याही वर्कशॉपमध्ये उभा राहू शकतो. एनसीसीच्या एअर विंगमध्ये एरोमॉडेलिंग शिकवतात ते उगाच नाही.

माझी विनंती दोघांना आहे. जागा देणाऱ्या ग्रामपंचायतीने किंवा मालकाने 'आवाज नको' असे मोघम न सांगता अट आकड्यात घालावी: गवतावर दोन मीटर उंचीवर हवेत स्थिर तरंगत ठेवलेले हेलिकॉप्टर, सात मीटरवर आवाज मोजणारा मीटर, चारही बाजूंनी मोजणी, सर्वांत मोठा आकडा ८२ च्या आत. मीटर कॅलिब्रेट केलेला हवा, मोबाइलवरचे ॲप धरू नये. एका वेळी हवेत एकच नायट्रो असावे, कारण सारख्या आवाजाचे दुसरे आले की ३ डेसिबल वाढतात. टिटवी उघड्या माळावरच अंडी घालते, तेव्हा उन्हाळ्यात मैदानाचा तो कोपरा सोडून द्यावा.

आणि आम्हा हौशी मंडळींनी, ज्याचे हेलिकॉप्टर या मोजणीत बसत नाही त्याला त्या दिवशी उडवू देऊ नये, मग तो आमच्यातला कितीही जुना असो. सांधे, गिअर, पंखा तपासायला माझ्या दुकानाची डायल गेज आणि हत्यारे कोणालाही मोकळी आहेत. तक्रार करणाऱ्या वाचकांनी पहिल्या मोजणीला स्वतः यावे, मीटर त्यांच्याच हातात देऊ.

आपला,
एक वाचक, नाशिक