खापरावरच्या मांड्याला आलेले प्रश्न

डरहॅम, नॉर्थ कॅरोलायना
20 मार्च

ती. आई, नाना आणि वहिनी यांना सा. न.

वहिनी, तुमच्या वर्गाचे 22 फोटो पोचले. नऊ जणांनी माणसांची डोकी उडवलीत, एकात नुसतं कुणाचं तरी बोट. पण त्या तिसरीतल्या पोरीने काढलेली तिची आजी! चुलीवर पालथं खापर आणि आजीच्या दोन्ही हातांवर पार कोपरापर्यंत लोंबणारी पातळ पुरणपोळी, म्हणजे आपला मांडा. इथल्या तिसरीत दाखवला तर पोरं सुटलीच. ही बाई कपडा वाळवतेय का? भांडं उलटं का? हात भाजत नाहीत? मी सांगायला तोंड उघडलं, तर इथल्या बाईंनी मला गप्प बसवलं. जिने फोटो काढला तिला लिहू दे, म्हणाल्या.

परवा तिच्या वहीचं पान आलं. आधी फोटोखाली एकच ओळ होती, 'ही माझी आजी आहे.' आता अकरा! पुरण कुणी वाटलं, आजी हाताला पाणी का लावते, सगळं. मध्येच अहिराणी घुसलीय, 'तिना हात भाजत नही, तिले सवय शे.' वहिनी, तिथे लाल पेन चालवू नका हं. माझ्या वहीत 'शे' दिसला की गुरुजी छडी काढायचे, आणि मग मी लिहायचंच टाळायचे. प्रमाण मराठी तिला पुढच्या पानावर लिहू द्या.

फोटो काढून त्यावर लिहायची ही रीत इथली, डरहॅमचीच. वेंडी इवाल्ड या छायाचित्रकार बाईंनी 1990 च्या सुमारास इथल्या शाळांत ती सुरू केली, ड्यूक विद्यापीठाचं माहितीपट केंद्र पाठीशी होतं. पुढे टांझानियात अरुशाच्या शाळांतही गेली. कॅमेरा लगेच हातात देत नाहीत. आधी दुसऱ्याचा फोटो 'वाचायचा', म्हणजे चौकटीत काय आलं, काय बाहेर राहिलं, काढणारा कुठे उभा होता. मग आपल्याला काय काढायचंय ते कागदावर लिहायचं, मग फोटो, आणि मग परत लिहिणं. त्यामुळे तुमचा एकच फोन पुरतो. पोरं नंबर येईपर्यंत लिहीत बसतात. (फोटो पाठवण्याआधी घरच्यांना विचारता ना?)

व्हिडिओ कॉलचं मात्र डोक्यातून काढा. तुमची सकाळची शाळा साडेसातला भरते तेव्हा इथे आदल्या रात्रीचे दहा वाजलेले असतात.

इथल्या एका मुलाने त्याच्या घराचा फोटो पाठवला होता, त्यावर तुमच्या वर्गाने विचारलंय, 'कुंपण नाही, मग ढोरं शिरत नाहीत का?' तो बिचारा दोन दिवस खोडतोय. आजवर हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

आईला सांगा, ज्वारीचे पापड, आपले बिबडे, अजून पुरताहेत. आणि त्या आजींना विचारा, खापर तापलं हे कसं ओळखतात? हा प्रश्न पोरांचा नाही, माझा आहे.

तुमची नणंद