तिवरे लावण्याआधी भरतीची वाट मोकळी करा

महोदय,

प्रकल्पासाठी तोडलेल्या तिवरांच्या, म्हणजे कांदळवनातल्या खारफुटीच्या झाडांच्या बदल्यात 'रोपे लावू' म्हणणे सोपे आहे. उघड्या चिखलात, भरती-ओहोटीच्या सरासरी पातळीच्या खाली लावलेले रोप बुडून मरते. भरावाने भरती अडली, तर साचलेल्या पाण्यात तिवरांची चिखलाबाहेर येऊन श्वास घेणारी मुळे गुदमरतात. पुष्कळदा नुसता राडारोडा काढून खाडीचा फाटा उघडला, की भरतीबरोबर बी आपसूक येते आणि रुजते. रोपवाटिकेचा खर्चही वाचतो. चिंबोरी आणि कोळंबीची पिल्ले याच मुळांत वाढतात, म्हणजे कोळीवाड्याची मिळकत इथेच ठरते! २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनांचा नाश हे मूलभूत हक्कांचे उल्लंघन ठरवले. तरी प्रकल्पाच्या हिशेबात हे नुकसान धरायला हवे तसे धरले जात नाही. ते मासळीच्या भावाने मांडा आणि रोपांची मोजणी लागवडीच्या दिवशी नव्हे, तीन वर्षांनी करा.

– कांदळवन अभ्यासक, भांडुप (पूर्व)