रविवारची होडीफेरी: वेळ पाळा, आवाज टाळा

सभासदांनो, रविवारी सकाळी साडेसहाला ऐरोलीच्या धक्क्यावर हजर राहा. फेरी भरतीच्या वेळेवर ठरलेली आहे, त्यामुळे कोणासाठीही थांबता येणार नाही.

रोहित पक्षी (फ्लेमिंगो) दिसतीलच, ठाणे खाडीचं अभयारण्य 2015 साली त्यांच्याच नावाने जाहीर झालं. पण या वेळी खरा शोध काळ्या डोक्याच्या खंड्याचा. तो तिवरांच्या आतल्या, पाण्यालगतच्या फांदीवर निश्चल बसतो. लाल चोच, पांढरा गळपट्टा, जांभळट निळी पाठ. चाहूल लागताच उडतो, तेव्हा पंखावरचा पांढरा डाग लख्ख दिसतो. नेहमीच्या खंड्याचं डोकं तपकिरी असतं, एवढं लक्षात ठेवलंत की गल्लत होणार नाही.

तिवरांजवळ नाखवा इंजिन बंद करतील. तिथे कुजबुजसुद्धा नको, उभं राहणं तर नाहीच. मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बाहेर काढू नका. हे मी कळकळीने सांगतोय, बिचाऱ्याचं खाणंपिणं सुटतं.

लाईफ जॅकेट सक्तीचं. दुर्बिणीचा पट्टा गळ्यात हवा. गडद मातकट कपडे घाला. नावं शुक्रवार रात्रीपर्यंत कळवा.