'पाहुणे आनंदाने मायदेशी परतले' हे वाक्य तेवढं खोडा

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

महोदय,

सप्रेम नमस्कार.

कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पोलिश निर्वासितांची छावणी होती. तिच्यावर आमच्याकडे भाषण झालं की त्याचा शेवट ठरलेला असतो: 'युद्ध संपलं आणि आपले पाहुणे आनंदाने मायदेशी परतले.' टाळ्या पडतात. मीही वाजवल्या आहेत. मग स्तानिस्वाव स्काल्स्की या पोलिश वैमानिकाबद्दल वाचलं आणि पुढच्या वेळी हात उचलेना.

त्याचा कोल्हापूरशी संबंध नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण छावणीतल्या बायका परत का गेल्या नाहीत, ते त्याच्या गोष्टीतून चटकन कळतं.

१ सप्टेंबर १९३९. जर्मनीचा हल्ला झाला तेव्हा स्काल्स्की तेवीस वर्षांचा. पहिल्याच दिवशी एक जर्मन टेहळणी विमान खाली आलं, तर या पठ्ठ्याने आपलं विमान त्याच्या शेजारीच शेतात उतरवलं आणि जखमी शत्रूला पट्ट्या बांधल्या. महिन्याभरात देश गेला. रुमानिया, फ्रान्स करत तो इंग्लंडला पोचला.

तिथे शौर्यापेक्षा सवयी आड आल्या. पोलिश लढाऊ विमानाची चाकं कायम खालीच असत. हरिकेन या ब्रिटिश लढाऊ विमानाची चाकं उतरताना आठवणीने सोडावी लागत. विसरलं की विमान पोटावर घासत जायचं, आणि बरेच जण विसरले. इंग्रजीचा आनंदीआनंदच होता. तरीही ३०३ या पोलिश स्क्वाड्रनने, म्हणजे वैमानिकांच्या तुकडीने, १९४०च्या ब्रिटनवरच्या हवाई लढाईत सव्वाशेच्या वर शत्रूची विमानं आपल्या नावावर लावली. स्काल्स्की ५०१ या ब्रिटिश स्क्वाड्रनमध्ये होता. सप्टेंबरात त्याचं विमान पेटलं, तो भाजला, काही आठवडे इस्पितळात काढून पुन्हा उडू लागला. १९४३मध्ये ब्रिटिश स्क्वाड्रनचं नेतृत्व त्याच्याकडे आलं. तो मान मिळालेला तो पहिला पोलिश माणूस.

१९४५च्या जुलैत ब्रिटनने मॉस्कोच्या पाठिंब्याने बसलेल्या वॉर्सातल्या सरकारला मान्यता दिली. ८ जून १९४६ला लंडनमध्ये विजयाचं संचलन झालं, त्यात ब्रिटिशांच्या हाताखाली लढलेलं पोलिश सैन्य नव्हतं. कित्येक वैमानिक परक्या देशात मिळेल ते काम धरून राहिले.

स्काल्स्की मात्र १९४७मध्ये घरी गेला. १९४८च्या जूनमध्ये हेरगिरीच्या आरोपाखाली अटक. वॉर्साचा मोकोतूव तुरुंग. १९५०मध्ये फाशीची शिक्षा. पुढे ती जन्मठेपेवर आली आणि १९५६मध्ये तो सुटला. 'मायदेशी परतणं' त्याच्या बाबतीत हे असं झालं.

आता वळिवडे. १९४३ ते १९४८ या काळात इथे सुमारे पाच हजार पोलिश माणसं राहिली, त्यात बायका-मुलंच जास्त. पूर्व पोलंडमधल्या घरांतून सोव्हिएत पोलिसांनी उचलून त्यांना सैबेरिया-कझाकस्तानात नेऊन टाकलं होतं. कुणाचा नवरा, कुणाचा भाऊ ब्रिटिशांबरोबर लढत होता. युद्ध संपलं तेव्हा त्यांची गावंच सोव्हिएत संघात गेली होती. काही जण पोलंडला गेले, हे खरं. पण कितीतरी जणी आपल्या माणसांकडे ब्रिटनला किंवा आणखी दूर गेल्या. त्यांच्या मागे त्याच बराकींत फाळणीने घर सुटलेले सिंधी लोक आले; तेच आजचं गांधीनगर. मायदेशी जा म्हणजे नेमकं कुठे, हे गांधीनगरच्या जुन्या दुकानदाराला समजावून सांगावं लागणार नाही.

तेव्हा मागणी छोटी आहे. छावणीविषयी आपल्या खात्याचा फलक, पुस्तिका, भाषण जे काही होईल, त्यातून ते आनंदी वाक्य काढा. आपण आसरा दिला हे जरूर लिहा, त्यात कोल्हापूरला संकोच नाही. त्याच्याखाली या बायका पुढे कुठे गेल्या आणि का, हेही येऊ द्या. पोलिश नावं इंग्रजी स्पेलिंगवरून न लिहिता उच्चाराप्रमाणे लिहिली तर उत्तमच.

मसुदा हवा असेल तर मी लिहून देतो. पानभर पुरेल.

आपला,
कोल्हापूरचा एक रहिवासी