निकोडेमस: रेल्वेने टाळलेलं गाव

विचिटा, कॅन्सस

प्रिय संजू,

'तिकडे अमेरिकेत खेडी असतात का रे?' असं तू फोनवर विचारलंस. एका खेड्याबद्दल सविस्तर लिहितो.

निकोडेमस आमच्याच कॅन्सस राज्याच्या वायव्येला, ग्रॅहम काउंटीत (काउंटी म्हणजे आपला जिल्हाच समज) आहे. नकाशावर नाव आहे, पण स्वतःची नगरपालिका नाही. कारभार टाउनशिप (काउंटीचा छोटा विभाग) आणि काउंटी बघतात. चहूकडे गवताळ माळरान, झाडं काय ती सॉलोमन नदीच्या काठाला.

१८७७ साली केंटकीतली, गुलामीतून सुटलेली काळी कुटुंबं इथे यायला लागली. डब्ल्यू. एच. स्मिथ हे काळे धर्मोपदेशक आणि डब्ल्यू. आर. हिल हा जमिनीचे व्यवहार करणारा गोरा गृहस्थ, यांनी गावाची आखणी केली होती. जाहिराती मोठ्या गोड होत्या. माणसं एलिस या गावापर्यंत रेल्वेने आली आणि तिथून माळ तुडवत निघाली. १८७८ च्या वसंतात आलेल्या हिकमनबाईंना नवऱ्याने 'ते बघ निकोडेमस' म्हणून दाखवलं, तर दिसला फक्त जमिनीतून निघणारा धूर! घरं बांधायला लाकूड नाही, म्हणून लोक जमीन खणून आत राहत होते. बाईंना रडू कोसळलं. काहीजण आल्या पावली परतले. जे राहिले त्यांच्यापैकी बहुतेकांकडे ना बैल, ना नांगर. कुदळ-फावड्याने रान उकरलं. पहिल्या हिवाळ्यात ओसेज या मूळ अमेरिकन जमातीच्या शिकाऱ्यांनी मांस दिलं म्हणून निभावलं, असं तिथे सांगतात.

आणि तरी दहा वर्षांत दुकानं, हॉटेल, शाळा, चर्च सगळं उभं राहिलं. इथल्याच एडवर्ड मॅककेबना १८८२ मध्ये कॅन्ससभरच्या मतदारांनी राज्याचा ऑडिटर म्हणून निवडून दिलं. गुलामी संपून वीसही वर्षं झाली नव्हती, संजू!

मग रेल्वे. ती यावी म्हणून गावाने १८८७ मध्ये १६,००० डॉलरचे रोखे मंजूर केले. तरीही रूळ पडले नदीपलीकडे. दुकानदारांनी बोग या नव्या स्टेशनाच्या गावी बिऱ्हाडं हलवली, काहींनी तर घरंच्या घरं ओढून नेली. मला याची फार चीड येते. एवढं सोसून वसवलेलं गाव चार मैलांच्या फरकाने मागे पडावं?

१९५३ मध्ये पोस्टही बंद झालं. आता वस्ती अगदी मोजकी आहे. १९९६ पासून राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जपणूक होते. पण गाव खरं टिकवलंय ते त्या कुटुंबांच्या नातवंडा-पणतवंडांनी. जुलैअखेरीस मुक्तिदिनाच्या उत्सवाला ती दूरदूरच्या राज्यांतून येतात, अगदी आपल्या जत्रेला मुंबईकर येतात तशी.

जुलैत रजा मिळते का बघ. आपण एलिसवरूनच जाऊ, म्हणजे ती माणसं केवढं अंतर चालली ते तुला कळेल. वहिनींनाही घेऊन ये.

तुझा,
अनिल