काकू, आधी ते थांबतंय कुठे ते बघू

प्रिय बाळा,

नाव लिहू नका म्हणालास म्हणून लिहीत नाहीये, पण आपल्या बिल्डिंगमधले सगळे ओळखतीलच. तू सामान घेऊन नाशिकला निघालास त्या दिवशी चहा झाला, चकल्यांचा डबा दिला, पण जे बोलायचं होतं ते राहूनच गेलं, टेम्पोवाला खाली हॉर्न वाजवत होता आणि तुझी आई जिन्यातून हाका मारत होती. म्हणून आता लिहितेय, आणि सगळ्यांसमोर लिहितेय, कारण माझ्यासारखे अजून बरेच जण असणार ज्यांनी जुन्या लॅपटॉपला बाहेरून एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, लावलाय, आणि तरी तो चालू व्हायला चार-चार मिनिटं घेतोय, आणि त्यांनाही कुणीतरी सांगितलं असेल की मशीनचं वय झालं, नवीन घ्या.

मला दोन ठिकाणी हेच सांगितलं होतं. लॅपटॉप २०१६ चा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ यात बसत नाही, कारण त्याला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो आणि माझा सहाव्या पिढीचा. आतली हार्ड डिस्क फिरणारी, ती आधीच दमलेली. तर भाच्याने पुण्याहून एक एसएसडी त्याच्या डबीसकट पाठवला, त्याच्याच पीसीवर लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत सिस्टम, टाकून, की आत्या फक्त यूएसबीला लाव आणि कामाला लाग. आणि खरंच, एकदा चालू झालं की काम छान व्हायचं, युनिकोडमध्ये मराठी टायपिंग, पीडीएफवर प्रूफच्या खुणा, कुठे अडत नव्हतं. पण चालू होईपर्यंत! बॅटरी कधीच गेलेली, त्यामुळे दुपारी लाईट गेली की लॅपटॉप बंद, आली की परत पहिल्यापासून, आणि कधीकधी दुपारभरात तीन-चार वेळा जाते तुला माहितीये. महिनाअखेरीला प्रकाशकाकडे तीनशे पानं द्यायची असताना मी त्या काळ्या स्क्रीनसमोर बसून राहायचे आणि डोळ्यात पाणी यायचं, हे तेव्हा कुणाला बोलले नाही.

तू कुरिअरचं पाकीट द्यायला आला होतास फक्त. मी म्हटलं बस जरा, हे चालू होऊ दे मग सही करते, आणि तू बसलास, आणि ते काही चालू होईना. मग विचारलंस, काकू किती वेळ लागतो याला? मी म्हटलं खूप लागतो रे. तू म्हणालास खूप म्हणजे किती, आणि सरळ मोबाईलवर स्टॉपवॉच लावलंस. आतापर्यंत ज्याला ज्याला दाखवलं त्याने लॅपटॉपकडे बघून मान हलवली होती, मोजलं कुणीच नव्हतं.

मग ते टर्मिनल, म्हणजे कमांड टाईप करायची खिडकी, उघडायला लावलंस. उघडायला लावलंस म्हणजे मला. खुर्ची माझीच राहू दिलीस, तू स्टुलावर बसलास आणि अख्ख्या दोन संध्याकाळी एकदाही कीबोर्डला हात लावला नाहीस. सिस्टमडी-अ‍ॅनालाइझ असं मी टाईप केलं आणि एक ओळ आली, ती मी वहीत उतरवून ठेवलीय: फर्मवेअर (मशीनची स्वतःची तयारी) ४८ सेकंद, लोडर (सिस्टम उचलणारा) ६, कर्नल (सिस्टमचा गाभा) ४३, युजरस्पेस (त्यानंतरचं बाकी सगळं) २ मिनिटं ९ सेकंद, एकूण ३ मिनिटं ४६ सेकंद. तू म्हणालास, काकू, एसटी मिरजेहून कोल्हापूरला उशिरा पोचली तर आधी इंजिनाला दोष द्यायचा नाही, वाटेत कुठल्या कुठल्या स्टँडवर किती वेळ उभी होती ते बघायचं, आधी ते थांबतंय कुठे ते बघू. मला तिथेच धीर आला. चार मिनिटांचा एक मोठा धोंडा होता त्याचे चार तुकडे झाले, आणि तुकडे उचलता येतात.

पहिल्यांदा आपण फसलो होतो तेही लिहिते, कारण बाकीचेही तिथेच फसत असणार. त्याच कमांडपुढे ब्लेम लिहिलं की कुठल्या सर्व्हिसने किती वेळ खाल्ला त्याची यादी येते. त्या यादीत सगळे पाच-सात सेकंदवाले, दीड मिनिट खाणारं कुणीच नाही. तू बराच वेळ गप्प बसलास आणि मग म्हणालास, या यादीत जे आले त्यांचीच नावं असतात, जो आलाच नाही त्याचं नाव कसं येणार. आणि रीस्टार्ट करून मिंटचा लोगो आल्या आल्या एस्केप दाबायला सांगितलंस. लोगो बाजूला झाला आणि मागचं खरं दिसलं: लाल चांदण्या डावी-उजवीकडे सरकतायत, एक स्टार्ट जॉब चालू आहे, पुढे कुठल्यातरी डिस्कचा लांबलचक नंबर, आणि शेवटी कंसात सेकंद मोजतायत, समोर १ मिनिट ३० सेकंद. इतके दिवस त्या सुंदर लोगोच्या मागे हे चालू होतं आणि मला पत्ताच नाही. नंतर जर्नलमध्येही, म्हणजे सिस्टमच्या नोंदवहीत, तीच ओळ सापडली, डिव्हाइसची वाट बघून वेळ संपला अशी.

आता तो नंबर कुणाचा. इथे तू मला जे करायला दिलंस ते मी विसरणार नाही. एफएसटॅब नावाची फाईल उघडली, चालू होताना कुठली कुठली पार्टिशन्स, म्हणजे डिस्कचे भाग, जोडायची ते तिच्यात लिहिलेलं असतं, प्रत्येकाचा नंबर, बहुतेकांचा छत्तीस अक्षरांचा. दुसऱ्या खिडकीत ब्लकआयडी, म्हणजे आत्ता या घडीला लॅपटॉपला खरोखर कोण कोण जोडलेलं आहे त्यांचे नंबर. आणि म्हणालास, काकू हे तुमचं काम, मूळ प्रत आणि प्रूफ, लावा ताडून. मी पट्टी घेतली, स्क्रीनवर धरली, आणि वाचायला लागले, सात, ई, तीन, नऊ, आडवी रेघ, जसं मी तीस वर्षं वाचत आलेय तसंच, अक्षर न् अक्षर. पहिला नंबर जुळला. दुसरा जुळला. तिसरा, ज्याच्यापुढे स्वॅप (मेमरी कमी पडली तर वापरायची डिस्कवरची जागा) लिहिलेलं होतं, तो दुसऱ्या खिडकीत कुठेच नव्हता. मी म्हटलं हा शब्द मूळ प्रतीत नाहीच. आणि तू टाळी दिलीस!

झालं असं होतं की भाच्याच्या पीसीत आधीपासून एक स्वॅप पार्टिशन होतं, इन्स्टॉल करताना मिंटने ते पाहिलं आणि आपलंच समजून लिहून टाकलं. एसएसडी पुण्याहून मिरजेला आला, ते पार्टिशन पुण्यातच राहिलं, आणि माझा लॅपटॉप रोज त्याची वाट बघायचा. तीही दोनदा. आधी कर्नलच्या वेळेला तीस सेकंद, कारण हायबरनेट केलेलं, म्हणजे बंद करताना मेमरीतून डिस्कवर उतरवलेलं, काही स्वॅपमध्ये ठेवलंय का ते तो तिथे शोधतो, आणि नंतर परत पूर्ण दीड मिनिट. भाच्याची यात चूक नाही, त्याने प्रेमाने पाठवला, त्याच्या पीसीवर तर झटकन चालू व्हायचा ना. फाईलची आधी कॉपी काढून ठेवायला लावलीस, मग त्या ओळीच्या सुरुवातीला एक हॅश, म्हणजे ती ओळ वाचायची नाही, हायबरनेटमधून परत येण्याच्या रिझ्युम फाईलमध्ये नन, म्हणजे काही नाही, आणि मग अपडेट-इनिट्रॅमएफएस, ही शेवटची कमांड दिली नाही तर बदल लागू होत नाही हे तू दोनदा बजावलंस. स्वॅपसाठी एसएसडीवरच एक फाईल केली. बस.

दोन मिनिटं गेली ती गेलीच. मला तर तेवढ्यावरच आनंद झाला होता, पण तू दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आलास, न बोलावता, की काकू अजून बरंच उरलंय. एलएसयूएसबी, पुढे डॅश टी, यूएसबीला काय कुठल्या वेगाने जोडलंय ते दाखवणारी कमांड. एसएसडीच्या ओळीत शेवटी ४८०एम. तू विचारलंस केबल कुठली, आणि मग मी सांगितलं की डबीबरोबरची केबल आखूड होती, टेबलामागून येईना, म्हणून मोबाईलच्या चार्जरची लावलीय, दिसायला तर तशीच आहे. माझं भिंग मागितलंस. दोन्ही केबलची तोंडं टॉर्चखाली धरलीस आणि मला म्हणालास मोजा. चार्जरच्या केबलला पुढे चार पितळी पट्ट्या, आत काही नाही. डबीच्या केबलला त्याच चार, आतली पट्टी निळी, आणि अगदी आत, अंधारात, बारीक पाच ठिपके अजून. चार आणि नऊ. ते पाच ठिपके म्हणजेच यूएसबी ३, ते नसले तर कितीही चांगला एसएसडी लावा, जुन्या यूएसबी २ च्याच रस्त्याने जाणार, ४८० मेगाबिट, म्हणजे हातात सेकंदाला चाळीसएक मेगाबाईट. केबल बदलली, टेबल भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं, परत तीच कमांड दिली, ५०००एम. भिंगातून मी आयुष्यभर रफार आणि अनुस्वार बघितले, हे पहिल्यांदा बघितलं.

राहिले सुरुवातीचे ४८ सेकंद. ते तू चुटकीसरशी सोडवलंस, बायॉसमध्ये, म्हणजे मशीनच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, गेलो तर बूट ऑर्डरमध्ये, म्हणजे चालू होताना आधी कुठे बघायचं त्या यादीत, सगळ्यात वर नेटवर्क, म्हणजे लॅपटॉप आधी नेटवर्कवरून कुणी चालू करतंय का बघायचा, आयपीव्ही४ वर, मग आयपीव्ही६ वर (नेटवर्कच्या पत्त्यांच्या दोन पद्धती), आणि मग कुठे यूएसबीकडे वळायचा. यूएसबी वर घेतलं, नेटवर्क बंद.

नंतर मोजलं तेव्हा मी स्टॉपवॉच धरलं होतं आणि हात थरथरत होता, हे तू बघितलंस पण काही बोलला नाहीस. ३२ सेकंद. वहीत त्या पहिल्या ओळीच्या खाली लिहून ठेवलंय, ३ मिनिटं ४६, खाली ३२.

पैसे घेतले नाहीस, ते ठीक, मी आग्रह केला नाही. पण बाळा, तू मला जे दिलंस ते वेगळंच आहे. माझ्या वयाच्या बाईला लोक कॉम्प्युटरपुढून उठवतात, बाजूला व्हा मी करतो म्हणतात, आणि करूनही देतात, पण आपण मात्र होतो तिथेच राहतो. तू मला उठवलं नाहीस. आणि मला जे येतं, ताडून वाचायला, त्याचाच उपयोग करून घेतलास. त्या रात्री मी यांना सगळं समजावून सांगितलं, स्वॅप, केबल, बूट ऑर्डर, आणि हे ऐकत बसले होते पूर्ण.

आणि हे सांगायचंच होतं: मागच्या रविवारी दुसऱ्या मजल्यावरच्या सरांकडे गेले होते, त्यांनीही डेस्कटॉपला बाहेरून एसएसडी लावलाय आणि तोच त्रास. त्यांचंही लिनक्सच आहे, म्हणून मी आधी कमांड दिली. ४८०एम. केबल बघितली, तर नऊच्या नऊ होते. मग डेस्कटॉपच्या डब्याचं पुढचं पोर्ट बघितलं, आत काळी पट्टी. मागच्या बाजूला निळं होतं, तिथे लावलं, आणि ५०००एम आलं. सर म्हणाले तुम्हाला कुणी शिकवलं, मी तुझं नाव सांगितलं, तेवढं चालेल ना.

नवीन नोकरी सांभाळ, जेवणाची हेळसांड करू नकोस. तू सांगितल्याप्रमाणे दर शनिवारी पेनड्राइव्हवर बॅकअप घेते, आणि केबलला धक्का लागू नये म्हणून ती टेबलाच्या पायाला बांधून टाकलीय. एक विचारायचं राहिलं, ती एफएसटॅबची जुनी कॉपी आपण काढून ठेवलेली ती अजून तशीच आहे, पुसली तर चालेल का अजून राहू देऊ? सवडीने फोन कर.

तुझी,
खालच्या मजल्यावरची काकू
मिरज